आजी आणि नात

मोटारींच्या बाबतीत माणसांचे दोन पंथ असतात. पहिल्या पंथाच्या मते साधारण १९७० सालापर्यंत मोटारी घडवल्या जात, पुढे त्या नुसत्या निघू लागल्या. दुसऱ्या पंथाच्या मते जुनी मोटार म्हणजे कपाटातले चांदीचे ताट; दिवाळीला काढून पुसून ठेवायला ठीक, रोज जेवायला नाही. लग्नाच्या पंगतीत या दोन पंथांची गाठ पडली की मठ्ठ्याचे तीनतीन पेले रिचवूनही वाद मिटत नाही, आणि तो मिटू नये अशीच सर्वांची मनोमन इच्छा असते. त्यातून विषय स्पोर्ट्स मोटारीचा निघाला तर विचारायलाच नको. कारण पहिल्या पंथाने नवी चालवलेली नसते, दुसऱ्याने जुनी चालवलेली नसते, आणि खरे पाहता दोघांनीही कोणतीच चालवलेली नसते.

मला मात्र यंदाच्या जून महिन्यात एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर दोन्ही चालवायला मिळाल्या. तेव्हा या विषयावर तोंड उघडण्याचा अधिकार मी मिळवला आहे असे समजतो. शिवाय दिवाळी अंक म्हणून संपादकांनी नेहमीच्या दीड पानाऐवजी सढळ हाताने जागा दिली आहे. वाचकांनी चकल्यांचे ताट जवळ ओढून बसावे हे उत्तम.

प्रथम स्थळ सांगतो. इंग्लंडच्या नकाशात पूर्वेला जो फुगवटा समुद्रात शिरला आहे, तो नॉरफोक परगणा. माझा पुतण्या तिथे नॉर्विचजवळ विंडम नावाच्या गावी राहतो. हे नाव ते लोक लिहिताना ‘वायमोंडहॅम’ असे लिहितात आणि बोलताना ‘विंडम’ म्हणतात. मधली अक्षरे बहुधा गावातल्या जुन्या ॲबीला दान दिली असावीत. मुलूख सपाट, डोंगर औषधालाही नाही. वास्तविक अशा ठिकाणी रस्त्यांना वळण्याचे काही कारण नव्हते. पण ते शेतांच्या कडेकडेने गेल्यामुळे जुन्या खरेदीखतातल्या चतुःसीमेप्रमाणे वळत वळत जातात. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची हिरवी कुंपणे, मध्ये दीड मोटारीचा रस्ता, आणि वळणापलीकडे काय आहे ते वळणापलीकडे गेल्यावरच कळायचे.

पुतण्याजवळ माझदाची एमएक्स-५ आहे. २०१६ सालची, लाल, दोघांपुरती, उघड्या टपाची. शेजारी एक्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ राहतात, त्यांच्याजवळ १९६७ सालची लोटस एलान. हिरवी, तीही दोघांपुरती, तीही उघड्या टपाची. शेजारच्या आजोबांची बोटे संधिवाताने आखडली आहेत. गाडीत बसता येते, उठताना दुसऱ्याचा हात लागतो. गाडी एखाद्या व्यापाऱ्याकडे जाऊन काचेच्या दालनात उभी राहावी हे त्यांना नको आहे. ‘तू चालवणार असशील तर तुला देतो,’ असे ते पुतण्याला म्हणाले, आणि किंमतही शेजारधर्म राखून सांगितली. पण घराला गॅरेज एकच. रोजच्या वापराची घरगुती मोटार अंगणात असते, ती कुठे हलायची नाही, कारण हिवाळ्यात घरात पाळणा हलायचा आहे. म्हणजे हिरवी आली तर लालीला घर सोडावे लागणार.

पुतण्या पुरता विरघळला होता. सूनबाई तिथल्या एका इस्पितळात अपघात विभागात डॉक्टर आहे. ती विरघळली नव्हती. मला म्हणाली, ‘काका, तुम्ही दोन्ही चालवून बघा आणि खरे काय ते सांगा. त्याला विचारण्यात अर्थ नाही, तो प्रेमात पडला आहे.’ आपल्याकडच्या परवान्यावर पाहुण्याला तिथे वर्षभर मोटार चालवता येते. दिवसापुरता विमा उतरवला आणि मी पंच म्हणून रुजू झालो.

आता मथळ्यात मी जे नाते लावले आहे ते माझ्या पदरचे नाही. एलान प्रथम लोकांपुढे आली ती १९६२ साली, लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांना वजनाचा तिटकारा होता. मोटारीत नसलेला भाग मोडत नाही आणि त्याचे वजनही होत नाही, असा त्यांचा रोकडा हिशेब. रॉन हिकमन या त्यांच्या अभियंत्याने एलानसाठी पोलादी पत्र्याचा एकच कणा बनवला, दोन्ही टोकांना फाटे फुटलेला, वजन ३५ किलोंच्या आसपास. वर फायबरग्लासचे कवच. (हेच हिकमन एकदा घरी सुतारकाम करताना खुर्चीचा टेकू घेऊन फळी कापू लागले आणि फळीबरोबर खुर्चीही कापून बसले. त्यातून त्यांनी घडीचे सुतारी मेज शोधून काढले, ते पुढे जगभर खपले. एलानपेक्षा त्या मेजाने त्यांना अधिक श्रीमंत केले.) इंजिन १५५८ सीसीचे, खालचा भाग फोर्डचा साधा, वर हॅरी मंडी यांनी योजलेले दोन कॅमशाफ्टांचे हेड. शक्ती १०५ अश्वांची, आणि ओढायचे ओझे जेमतेम सातशे किलो.

आणखी एक गंमत म्हणजे त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर खरेदी-कर असे, सुट्या भागांवर नसे. म्हणून एलान सुट्या भागांतही मिळे. घरी आणायची आणि आपली आपण जोडायची. १९७३ साली करपद्धती बदलली तेव्हा ही सोय गेली. आमच्या आजोबांनी आपली गाडी १९६७ साली भावाच्या मदतीने अशीच मागच्या अंगणात जोडली. कारखाना आदल्या वर्षीच विंडमपासून तीनचार मैलांवर हेथेलला, युद्धकाळातल्या जुन्या विमानतळावर आला होता. म्हणजे गाडीचे माहेर आणि सासर एकाच शिवेवर.

पुढे १९८० च्या सुमारास अशा छोट्या, स्वस्त, उघड्या इंग्रजी मोटारी एकामागून एक बंद पडल्या. त्याआधी १९७९ साली बॉब हॉल नावाच्या अमेरिकी पत्रकाराने हिरोशिमाला जाऊन माझदाच्या केनिची यामामोतो यांना सांगितले होते, की अशी मोटार आता तुम्हीच काढा. यामामोतोंनी एक इंग्रजी ट्रायम्फ स्पिटफायर घाटातून चालवून पाहिली आणि म्हणणे त्यांना पटले. जपानी अभियंत्यांनी जुन्या इंग्रजी गाड्या बारकाईने अभ्यासल्या, त्यांत एलान मुख्य. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पहिली एमएक्स-५ उभी राहिली तेव्हा तिचे लांबट तोंड आणि उघडझाप करणारे दिवे पाहून आजी कोण हे कोणाला सांगावे लागले नाही. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्याबाहेर पडली. आजीला इतका गोतावळा स्वप्नातही पाहता आला नसता.

पुतण्याच्या गाडीचे इंजिन १४९६ सीसीचे, म्हणजे आजीपेक्षा केसभर लहानच. शक्ती १३१ अश्वांची. वजन मात्र एक टनाच्या आसपास. नवी पिढी अंगाने भरली आहे, आणि त्या भरलेल्या अंगात काय आहे हा प्रश्न पुढे येणारच आहे.

सकाळी नवी घेऊन निघालो. बटण दाबले, इंजिन सुरू. टपाचा खटका एका हाताने सोडून ते मागे लोटले, आकाश आत आले. गिअरची दांडी इतकी आखूड की हात हलत नाही, नुसते मनगट हलते. आणि प्रत्येक गिअर देवघरातल्या पेटीच्या कडीसारखा टक् करून बसतो. सहाव्या गिअरात ताशी ६० मैलांना इंजिनाच्या फेऱ्या अडीच हजारांच्या आत. बाजूला बसलेल्या पुतण्याशी मी आवाज न चढवता बोलत होतो. माझदाचे लोक या गाडीविषयी ‘जिनबा इत्ताइ’ असे जपानी शब्द वापरतात. घोडा आणि स्वार एकजीव. आपण त्याला ‘मांड’ म्हणतो. मांड बसते हे खरे आहे. वळणावर ती जरा कलते, त्या कलण्यावरून किती वेग झाला हे अंगाला समजते, आणि चाक जिथे वळवावे तिथे ती जाते, ना इंच अलीकडे ना पलीकडे.

हिंगमच्या वाटेवर एक डावे वळण लागले. वळतो तो समोर ट्रॅक्टर, मागे गवताची गाडी, आणि सगळा रस्ता त्यांचाच. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरले, चाके घट्ट न आवळता आपली आपण धरसोड करत राहिली, तेवढ्यात मी चाक कडेला वळवले तेही तिने ऐकले, आणि आम्ही गवताच्या कडेला शिस्तीत उभे. ट्रॅक्टरवाल्याने बोट वर करून आभार मानले. मला काहीही करावे लागले नव्हते. दाबायचे ते दाबले, बाकी सगळे तिने निस्तरले. घरातल्या थोरल्या सुनेसारखी. आपण ‘पाहुणे आले’ एवढेच म्हणायचे.

मग एक गोष्ट लक्षात आली. त्या वळणावर येताना रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल पडला होता, तो मला ट्रॅक्टर दिसल्यानंतर दिसला. नव्या मोटारीत चाक आणि हात यांच्यामध्ये विजेची मोटर असते, ती वळवायला जोर देते. ती उत्तम दुभाष्याचे काम करते. पण दुभाष्या दरबारी असला की समोरच्याचे कडू बोल गाळून सांगतो. रस्त्याची बारीकसारीक कुरकुर माझ्या हातापर्यंत पोचतच नव्हती.

दुपारी चहा झाल्यावर आजीकडे गेलो. आजोबा काठी टेकत आले, किल्ली दिली आणि एकच सूचना केली, ‘क्लच प्रेमाने सोडा. मागच्या चाकांच्या दांड्यांना रबरी कड्या आहेत, त्या आधी पीळ खातात आणि मग सोडतात.’ आधी पुतण्या बसला. त्याने क्लच व्यवहाराने सोडला, आणि गाडीने बेडकासारख्या तीन उड्या मारल्या. आजोबा काही बोलले नाहीत. काठीच्या मुठीकडे पाहत राहिले.

मी बसलो ते जवळजवळ जमिनीवरच. गाडी रुंदीला साडेचार फुटांहून थोडी जास्त. कोपर बाहेर काढले तर कुंपणाची फुले तोडता येतील. समोर लाकडी फळी, घड्याळासारख्या तबकड्या, बारीक कड्याचे चाक. पेट्रोलचा आणि तापलेल्या तेलाचा वास. अ‍ॅक्सिलरेटर दोनतीनदा दाबून किल्ली फिरवली, तशी दोन वेबर कार्ब्युरेटरनी घुटका घेतल्यासारखा आवाज केला आणि इंजिन खडबडून उठले.

पहिल्या अर्ध्या मैलातच माझ्या हातांनी काहीतरी ओळखले. एलानच्या स्टिअरिंगची यंत्रणा ट्रायम्फ हेरल्डवरून घेतलेली आहे. ही हेरल्ड म्हणजे तीच, जी १९६१ पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून तयार होऊ लागली आणि पुण्या-मुंबईच्या डॉक्टर-वकिलांच्या दारांत दिसे. माझ्या मामांकडे एक होती. मी मोटार शिकलो ती तिच्यावरच, कर्वे रस्त्यावर दोन्ही बाजूंना घरांपेक्षा झाडे जास्त होती तेव्हा. चाकातली ती बारीक हालचाल, धरलेल्या मांजरासारखी, पन्नास वर्षांनी नॉरफोकमध्ये पुन्हा हातात आली. फरक इतकाच की मामांची हेरल्ड बडबडी होती आणि ही नेमके बोलते. रस्ता किंचित डावीकडे उतरता आहे, सांगते. उजवे चाक डांबराच्या ठिगळावरून गेले, सांगते. वळणात शिरताना चाक हाताला जड होत जाते, आणि टायरची पकड संपत आली की संपण्याच्या जरा आधी हलके होते. गॉर्डन मरे यांनी १९९० च्या दशकात मॅक्लारेन एफ-१ ही त्या वेळची जगातली सर्वांत वेगवान मोटार घडवली. तिला एलानसारखे स्टिअरिंग देता आले नाही ही रुखरुख त्यांनी पुढे बोलून दाखवली आहे. मी वाचले होते तेव्हा मला ती मोठ्या माणसाची नम्रता वाटली होती. तसे नाही, ती साधी वस्तुस्थिती आहे.

दुसरे आश्चर्य स्प्रिंगांचे. शर्यतीच्या घराण्यातली गाडी म्हणजे हाडे खिळखिळी करणार अशी माझी समजूत. पण ही खाचखळग्यांवरून अशी जाते, जशी मुरलेली बाई डोक्यावर घागर घेऊन बांधावरून जाते. खाली पाय काय करतात ते वरच्या पाण्याला कळत नाही. वजनच नाही, तर स्प्रिंगा कडक कशाला हव्यात? टायर १४५ मिलिमीटर रुंद, नातीचे १९५. तरी वळणांवर कुठे कमी पडल्यासारखे वाटले नाही.

आणि मुख्य गोष्ट वेगाची. सकाळी ताशी ४० मैलांना मी शेते पाहत होतो. दुपारी त्याच ४० ला मला शेते पाहायला सवड नव्हती. पुढच्या वळणाचा अंदाज, गिअर चौथ्यातून तिसऱ्यात, तेव्हा इंजिनाच्या फेऱ्या चढवून घेणे, ब्रेक आधी, वळण नंतर. सगळे माझे मी. ६० ला इंजिन साडेतीन हजारांवर ओरडू लागते आणि संभाषण संपते. पण ६० ची गरजच पडत नाही. हिंगमच्या त्या डाव्या वळणावर पोचलो तेव्हा चाकाने रस्ता बुळबुळीत झाल्याची वर्दी शंभर फूट आधी दिली. तीसवर उतरून वळलो. ट्रॅक्टर नव्हता.

असता तर? हा प्रश्न मी परतीच्या वाटेवर स्वतःला विचारला, आणि पंच म्हणून आलो असल्यामुळे त्याचे उत्तर टाळता येईना. चाके आवळून धरली की घसरणार, घसरताना चाक वळवूनही गाडी वळणार नाही. पुढे फायबरग्लास, मध्ये ३५ किलोंचा कणा, दारात पोकळी, छातीवर पट्टा. हवेची उशी नाही, दबून आघात गिळणारा पत्रा नाही. नातीच्या अंगात जे तीनशे किलो जास्त भरले आहेत, त्यांतला मोठा भाग हा आहे. आजी जास्त सावध करते हे खरे. पण ट्रॅक्टर चालवणारा तिचे ऐकत नसतो.

रात्री जेवणे झाल्यावर सूनबाई समोर बसली. इस्पितळात नातेवाइकांना विचारावे तसे तिने एकेक प्रश्न विचारला.

‘चालवायला कोणती चांगली?’

‘जुनी. फार चांगली.’

‘किती फार?’

‘नवी चालवताना मला मोटार आवडली. जुनी चालवताना मला मोटार चालवणे आवडले.’

‘आणि ठोकली तर?’

‘तर नवी. त्यात तुलनाच नाही.’

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘काका, मला तिच्यात बसायची भीती नाही वाटत. तो तिच्यात बसून गेल्यावर घरी बसायची वाटते. रविवारी दुपारी आमच्याकडे कोण कोण येतात, ते मला माहीत आहे.’ पुतण्या ताटावर रेघोट्या ओढत होता. माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अशा वेळी वडीलकीच्या नात्याने काहीतरी बोलून ठेवण्याची जी आपल्याकडे रीत आहे, ती मी त्या दिवशी पाळली नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी गाडीची वही पाठवली. काळ्या पुठ्ठ्याची, पेन्सिलीने लिहिलेली. १९६७ पासून किती पेट्रोल, किती मैल, कोणता भाग कधी बदलला, सगळे. ती वही पुतण्यासाठी होती. रात्री वाचत बसली सूनबाई. सकाळी ती वही घेऊन शेजारी गेली आणि एका पानावर बोट ठेवून तिने विचारले, की १९७४ चा मार्च ते १९७६ चा मे, या दोन वर्षांत एकही नोंद कशी नाही? गाडी बिघडली होती का?

आजोबा म्हणाले, ‘छे. मुलगी झाली होती. बायकोने गाडी विक असे कधी म्हटले नाही. तिने एक जुनी चादर दिली. मुलगी चालायला लागल्यावर चादर काढली.’

त्यानंतर आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. दोघांनी तासभर चहा घेतला एवढे खरे. सूनबाई परत आली ती अटी घेऊनच. गाडी घ्यायची, पण ती दोन वर्षे चादरीखाली राहील. पुढे चालवायची तर कोरड्या दिवशी, दिवसाउजेडी, एप्रिल ते सप्टेंबर. मूल मोठे होऊन स्वतः मागेपर्यंत त्याला तिच्यात बसवायचे नाही. आणि दर रविवारी आजोबांना गॅरेजात चहा. पुतण्याने एकेका अटीला अशी मान डोलवली, की अटी आणखी दहा असत्या तरी डोलवली असती.

लाल नात ऑगस्टमध्ये एका तरुण शिक्षिकेने नेली. हिरव्या आजीच्या मागच्या चारही रबरी कड्या नव्या घातल्या. आता ती गॅरेजात चादरीखाली आहे. परवा पुतण्याचा फोन आला तेव्हा सांगत होता, की गाडी नुसती उभी ठेवून चालत नाही, दर पंधरवड्याला इंजिन थोडे चालवून ठेवावे लागते. त्याचा पंधरवडा सध्या चार दिवसांचा असतो, असे सूनबाईने मागून ओरडून सांगितले.